उभ्या गाडीची चाके

इंग्लंडला जाऊन आलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने परत आल्यावर काय लिहावे, ह्याचे संकेत ठरून गेलेले आहेत. शेक्सपिअरच्या गावी आपले डोळे कसे पाणावले, लंडनच्या ग्रंथालयात आपल्याकडची एखादी पोथी काचेआड पाहून ऊर कसा भरून आला, आणि तिकडचे लोक रांगेत किती शहाण्यासारखे उभे राहतात! मी 2024 च्या दिवाळीच्या सुटीत लेस्टरला धाकट्या भावाकडे पंधरा दिवस राहून आलो. त्यातला पाडव्याचा अख्खा शनिवार मी एका शेतकऱ्याच्या आवारात, ओल्या खडीवर गुडघे टेकून, चाके काढण्यात घालवला. हे लिहिण्याजोगे नाही असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. "लोक तिकडे जाऊन राजवाडे बघतात, तुम्ही बोल्ट मोजलेत," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खरे आहे. एका चाकाला पाच बोल्ट होते.

चाके होती धाकट्याच्या कॅरव्हॅनची. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे घर. आत चार माणसांची निजायची सोय, शेगडी, मोरी, कपाटे, आणि हे सगळे आमच्या पुण्यातल्या बिऱ्हाडाच्या हॉलएवढ्या जागेत. हिला स्वतःचे इंजिन नसते. एवढेच काय, स्वतःचा नोंदणी क्रमांकही नसतो; जी मोटार ओढेल तिचाच क्रमांक पाठीवर लावून ती हिंडते, सासरचे आडनाव लावावे तशी. इंग्लंडात हे वेड जुने आहे. 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारात डॉक्टरकी केलेल्या एका गृहस्थाने ब्रिस्टॉलच्या वॅगन कारखान्यातून असे एक घर खास हौसेसाठी बांधवून घेतले, त्याला दोन घोडे जोडले आणि देश पाहायला निघाला. 1907 साली अशा हौशी मंडळींचा क्लबही निघाला. मोटारी पुढे आल्या. म्हणजे मुळात ही घोडागाडीच. आमच्या बैलगाडीची दूरची, जरा नटवी बहीण.

उन्हाळाभर ही मंडळी समुद्रकाठी आणि डोंगरांत हिंडतात आणि ऑक्टोबरअखेर घड्याळे तासाने मागे सरकली की गाडी हिवाळ्यासाठी मिटून ठेवतात. घरासमोर जागा नसली तर एखाद्या शेतकऱ्याच्या आवारात वर्षाचे भाडे भरून ती उभी करायची. धाकट्याची गाडी शहराबाहेर आठ-दहा मैलांवर अशीच उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना पाचपन्नास पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या. पावसात भिजणाऱ्या बगळ्यांची शाळा भरल्यासारखी.

"दादा, बूट जुने घाल," धाकटा सकाळी म्हणाला.

मला वाटले, शिमगा करायचा असेल तर तो एकट्याने करावा, आज पाडवा आहे. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोललो नाही. ह्या कामाविषयी तो थट्टा ऐकून घेत नव्हता. त्याचे कारण भावजयीने मला आदल्या रात्री, तो झोपल्यावर, सांगितले होते.

ऑगस्टात ही चौघे डेव्हनकडे निघाली होती. एम-फाइव्ह नावाचा मोठा रस्ता आहे. मागे कॅरव्हॅन असली की तिथे ताशी साठ मैलांच्या वर जायचे नाही आणि उजवीकडची शेवटची मार्गिका धरायची नाही असा कायदा, आणि आमचा धाकटा कायदा पाळणारा. पन्नास-पंचावन्नाने चालला होता. एकाएकी मागून तोफ सुटावी तसा आवाज झाला, गाडी डावीकडे ओढली गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. कॅरव्हॅनचा डावा टायर फुटला होता. धाकट्याने ब्रेकवर पाय दाबला नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला आणि चाक धरून राहिला, म्हणून गाडी उलटली नाही. कडेच्या पट्ट्यात उभी राहिल्यावर सगळी डाव्या दारांनी उतरली आणि कठड्यापलीकडच्या उतारावर जाऊन बसली. "पिंकी सहा वर्षांची, दादा," भावजय म्हणाली. "ती विचारत होती, आपलं घर मोडलं का. हे काही बोलेनात. हात कापत होते ह्यांचे." दोन तासांनी मदतीची गाडी आली. त्या माणसाने फुटलेल्या टायरकडे पाहिले, जादा चाक काढले, त्याच्याही कडेवर बॅटरी मारून आकडे वाचले आणि ते परत ठेवून दिले. दोन्ही टायर एकाच वयाचे होते. 2315.

ह्या आकड्याचा अर्थ मला पाडव्याच्या त्या शनिवारी कळला. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकडे एका चौकटीत उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 2315 म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. नऊ वर्षांचा टायर. कॅरव्हॅनचा टायर पाच वर्षांनी बदलावा आणि सातापुढे तर मुळीच वापरू नये, असे तिकडचे जाणकार सांगतात. धाकट्याने ही गाडी 2021 साली एका वृद्ध जोडप्याकडून घेतली होती. त्यांनी ती फारशी बाहेर काढलेली नव्हती. टायरवरची नक्षी जशीच्या तशी, कायद्याने 1.6 मिलिमीटर खोली लागते, ह्याच्या कितीतरी पट होती. धाकटा खूश झाला होता. कोरे टायर मिळाले!

"तिथंच फसलो," तो जॅक लावता लावता म्हणाला. "मोटारीचा टायर झिजून मरतो. हिचा उभा राहून मरतो."

आम्हां शब्दांवर जगणाऱ्यांना असे वाक्य ऐकले की वही काढाविशी वाटते. पण त्याने हातात लाकडी पाचर दिली आणि पलीकडच्या चाकाला लावायला सांगितले.

उभा टायर का मरतो, तेही त्याने सांगितले. रबरात ऑक्सिजनशी आणि ओझोनशी झगडणारी रसायने आणि मेण मिसळलेले असते. टायर धावतो, दबतो, सैलावतो, त्या मळणीत ते आतून वर येत राहते आणि पृष्ठभागावर त्याचा पातळ लेप टिकतो. टायर उभा राहिला की हे येणे थांबते. वरचा लेप ऊन-पाऊस खातात, मग रबर सुकते, कडेला केसासारख्या चिरा पडतात, आणि आतले थर एकमेकांना सोडू लागतात. ते बाहेरून दिसतही नाही. त्यात ही गाडी तेराशे-चौदाशे किलोंची, आणि तो सगळा भार दोन चाकांवर, महिनोन्‌महिने टायरच्या त्याच चार बोटे जागेवर. ती जागा चपटी होते. मोटारीतले चाक अशा वेळी निदान ओरडते, स्टिअरिंग थरथरते. मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसलेले कोणी नसते, मग चाकाचे ऐकणार कोण?

ह्याला उपाय दोन. चाके जागेवरच ठेवायची असली तर गाडी गवतावर उभी करायची नाही, चाकाखाली फळी घालायची, टायरात हवा पुरेपूर भरायची, वरून कापड घालून ऊन अडवायचे, आणि महिन्याला गाडी थोडी ढकलून चाक पाव फेरा फिरवायचे म्हणजे भार नव्या जागी येतो. धाकट्याने गेले तीन हिवाळे ह्यातले काहीही केले नव्हते, आणि हे त्याने मला चार वेळा सांगितले. दुसरा उपाय म्हणजे चाकेच काढून घरी न्यायची. तो करायला आम्ही आलो होतो.

गाडीच्या चार कोपऱ्यांना चार पाय असतात, दांडा फिरवला की खाली उतरतात. मी म्हटले, "हे पाय आहेतच, मग वेगळे टेकू कशाला?" धाकटा म्हणाला, ते पाय फक्त गाडी डुलू नये म्हणून, गाडीचा भार त्यांच्यावर घातला तर पायही वाकतील आणि तळही. हात लावून गाडीला आधार देतो असे दाखवणारे असे चार पाय आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनातही आहेत, पण तो विषय वेगळा.

क्रम असा. आधी हातब्रेक ओढलेला असू द्यायचा आणि पलीकडचे चाक दोन्ही बाजूंनी पाचरांनी अडवायचे. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट अर्धा फेरा सैल करायचे. अधांतरी चाकावर जोर लावला तर चाकच फिरते. मग तळाच्या ठरावीक जागी जॅक लावून गाडी उचलायची, तिथल्या जाड पोलादाखाली लोखंडी तिवई सरकवायची, जॅक सैल करून भार तिवईवर येऊ द्यायचा, आणि मगच चाक ओढायचे. जॅक उचलण्यासाठी, तिवई तोलण्यासाठी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. पाचातला एक बोल्ट कुलपाचा असतो, त्याला वेगळी लोखंडी किल्ली लागते. ती धाकट्याने घरी विसरली आणि आम्ही परत जाऊन आणली. सौभाग्यवती आणि भावजय ओवाळण्याची ताटे मांडत होत्या. आम्ही किल्ली घेऊन पुन्हा निघालो, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ते जास्त वाईट असते.

धाकटा पान्यावर उभा राहून जोर लावीत होता, तेव्हा मी त्याला सांगितले की इंग्रजांचे व्हील आणि आपले चक्र हे मुळात एकाच शब्दाचे वंशज आहेत. ॲक्सल आणि अक्ष हीही सख्खी भावंडे. त्यांच्याकडे चाकाच्या तुंब्याला नेव्ह म्हणतात, ते आपल्या नाभीच्या घराण्यातले. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा माळावर एकच गाडी होती, तिचा एक सांगाडा इकडे आला, एक तिकडे गेला. धाकटा म्हणाला, "तो पाईप दे." पाईप पान्याच्या दांड्यावर चढवला, जोर लावला आणि बोल्ट करकरत सुटला. भाषाशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग इतका तात्काळ मी कधी पाहिला नव्हता.

पहिले चाक निघाले. मागचा गोल उघडा पडला तसा मी सवयीने विचारले, "वंगण कुठाय?"

धाकटा हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. आताच्या गाड्यांत बेअरिंग बंदिस्त असते, त्यात हात घालायचा नसतो. बोल्टांनाही तेल लावायचे नाही. वसंतात ते पुन्हा बसवताना ठरावीक जोराने, आकडा दाखवणाऱ्या पान्याने, समोरासमोरचे जोडीने आवळायचे, आणि तीस-चाळीस मैल गेल्यावर थांबून पुन्हा तपासायचे, कारण नव्याने बसवलेल्या चाकाचे बोल्ट ढिले होतात. "तुला अण्णांचं वंगण आठवलं," तो म्हणाला.

आठवलेच होते. आमचे गाव वाई तालुक्यात. मृगाच्या आधी, रान चिखलाचे होण्यापूर्वी, अण्णा बैलगाडी मिटून ठेवीत. गाडीखाली दगडांचे दोन ढीग रचायचे, आखाची खीळ उपटायची, आणि बाभळीची ती चाके आम्ही दोघे भाऊ दोन्हीकडून धरून, डुगडुगत, पडवीत न्यायचो. जमिनीला टेकवायची नाहीत, वाळवी लागते, खाली विटा. भिंतीला चिकटवायची नाहीत, ओल धरते. उन्हाळ्यात लाकूड सुकून लोखंडी धाव ढिली पडे म्हणून हीच चाके ओढ्यात बुडवून ठेवायची, आणि पावसाळ्यात हीच पाण्यापासून जपायची. चाकाला पाणी केव्हा पाजायचे आणि केव्हा तोडायचे ह्याचे अण्णांचे गणित पक्के होते. शिवाय त्यात एक राजकारण होते. चाके काढली की चुलतभावकीतून गाडी मागायला कोणी येत नसे. "चाकं काढलीत," एवढेच अण्णा सांगायचे, आणि मागणाराही रागवायचा नाही.

धाकट्याचाही हाच हिशेब होता. कॅरव्हॅन चोरणे फार सोपे. चोर आपली मोटार घेऊन येतो, जोडतो आणि जातो. रस्त्याने कॅरव्हॅन ओढत चाललेल्या माणसाचा कोणाला संशय येणार? म्हणून चाकाला पिवळा अडकण घालतात, जोडणीच्या तोंडावर कुलूप घालतात. 1992 पासून तिकडे बनलेल्या गाड्यांच्या काचांवर सतरा अक्षरांचा ओळखक्रमांकही कोरलेला असतो. विम्याच्या कागदात कोणते कुलूप हवे ते लिहिलेले असते, आणि ते लावलेले नसले तर चोरीनंतर विमावाले हात वर करतात. चाकेच नसली तर अडकण कशाला घालायचा, असे आपल्याला वाटते; पण धाकट्याने आधी फोन करून विचारून घेतले होते. त्यांचे म्हणणे, चाके काढा, हरकत नाही, पण जोडणीचे कुलूप हवेच. ते त्याने लावले. मग हातब्रेक सोडला. हिवाळाभर ब्रेक ओढलेला राहिला तर आतल्या पट्ट्या गंजून ड्रमला चिकटतात आणि वसंतात गाडी हलत नाही. उघड्या गोलांवर त्याने हवा खेळेल असे कापड बांधले. दोन्ही चाके मोटारीच्या डिकीत घातली, खडूने एकावर 'डा' आणि एकावर 'उ' लिहून. लेस्टरच्या त्या आवारात कोणालाही न समजणारी ही लिपी हेच एक जादा कुलूप.

साडेचाराला अंधार पडू लागला. आम्ही डिकीच्या कडेवर बसून थर्मासातला चहा घेतला. धाकटा म्हणाला, "गॅरेजात आडवी ठेवायची. अंधारात. फ्रीजरपासून लांब, विजेच्या मोटरीपाशी ओझोन होतो, तो रबराला खातो." मग सहज, चहा फुंकत, "दादा, अण्णांच्या गाडीची चाकं पडवीतच आहेत ना? खाली विटा आहेत ना अजून? जानेवारीत येतोय तेव्हा पिंकीला दाखवीन म्हणतो."

हा प्रश्न त्याने मला फोनवर दोन वेळा विचारला होता, आणि दोन्ही वेळा मी "हो रे, आहेत" म्हटले होते. अण्णा 2016 साली गेले. गाडीचा सांगाडा दोन पावसाळ्यांत बसला. 2019 साली पडवीचे छप्पर गळू लागले, कौले बदलायची होती, आणि पुणे-सातारा रस्त्यावरचा एक हॉटेलवाला दारात येऊन उभा राहिला. दोन चाकांचे चार हजार. मी वर्गात लोकजीवनातल्या वस्तूंवर आणि त्यांच्या नावांवर तासभर बोलणारा माणूस. मी ते चार हजार मोजून घेतले आणि त्याच्या टेम्पोत चाके चढवायला हातही लावला.

"नाहीत," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले.

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने चहा संपवला, थर्मासचे झाकण लावले, पाने एकेक पुसून पेटीत ठेवले. गाडी सुरू करून फाटकाबाहेर आल्यावर म्हणाला, "मला फोन करायचास. चार हजार मी पाठवले असते." नंतर घरापर्यंत गप्प. घरी ओवाळणी झाली. तबकात मी काय घातले ते मला आठवत नाही.

2025 च्या जानेवारीत तो आला. गावाकडे जाताना त्याने त्या हॉटेलापाशी गाडी थांबवायला लावली. अण्णांची चाके दारातच होती, कमानीच्या दोन बाजूंना, भडक नारिंगी आणि पिवळी रंगवलेली, आऱ्यांवरून दिव्यांची माळ गुंडाळलेली. अर्धी फुलझाडांच्या वाफ्यात पुरलेली. धाकटा पँटची पर्वा न करता खाली बसला, बोटाने माती उकरली आणि जिथे लाकूड मातीत जात होते तिथे नख रोवले. नख आत गेले.

"झाडांना पाणी रोज घालता?" त्याने मालकाला विचारले.

"दोन टाइम," मालक अभिमानाने म्हणाला.

"चाकं कुजताहेत. विकत देता का परत?"

मालक नाही म्हणाला. लोक तिथे फोटो काढतात. धाकट्याने घासाघीस केली नाही. विटा आहेत का, एवढेच विचारले. मागे बांधकाम चालू होते, आठ विटा निघाल्या. आम्ही दोघांनी चाके वाफ्यातून उचलली, एकाने एकीकडून, एकाने दुसरीकडून. अजून तितकीच जड होती. खाली विटा मांडल्या, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवले, दिव्यांची माळ पुन्हा होती तशी गुंडाळली. पिंकी खुर्चीवर बसून मिसळीतला पाव खात बघत होती. वेटर चौकशीला आला, आम्ही इंटीरियरवाले आहोत का म्हणून.

मालकाने विटांचे पैसे घेतले नाहीत. चहाचे घेतले.